उघड्या मानेचा फोटो

पवनार
१४ नोव्हेंबर २००७

चि. गुंजन,

आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहे, तिकडे तूही असशीन. बाकी खुशाली लिहाले मले वेळ नाई, बाजारासाठी वांग्याचे कट्टे बांधाचे पडले आहे. फोनच केला असता, पण फोन राह्यते तुह्या बाबाच्या खिशात, अन् मी बोलाले लागली की सपना बाजूले येऊन उभी राह्यते. म्हणून लिहून राह्यली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, नाई लागलं तर दोनदा वाच.

काल सपना कॉलेजातून आली ते हसतच आली. म्हणे, आई, ताईचा फोटो पाह्यला, वर्ध्याच्या कॅफेत, कम्प्युटरवर. ऑर्कुट म्हणते त्याले. मी म्हटलं, कसा आहे? म्हणे, मस्त. बिनबाह्याचा ड्रेस, केस वर बांधलेले, मान पूर्ण उघडी. मी म्हटलं, डाग दिसते का? तर म्हणे, “अवं, दिसते म्हणजे काय, त्याच्यासाठीच तर काढला. खाली लिहिलं आहे तिनं, हे कोड आहे, माझं आहे, नीट पाहून घ्या.”

गुंजन, तुले डोकं आहे का नाई?

तू सातवीत असताना तो पहिला डाग कानाखाली निघाला, तवापासून मी तुही मान झाकून राह्यली. शाळेच्या पोशाखाले कॉलर शिवली, मास्तरनीशी भांडली. ओढणीले पिना लावल्या. हाताच्या बोटाले निघालं तवा मेंदीच मेंदी लावली, लोक म्हणे या पोरीले मेंदीची भारी आवड. अन् तू तिकडे पुण्यात जाऊन जगाले सांगते, पाहून घ्या!

दुसरं ऐक. सपनाले समुद्रपूरचे पाहुणे पाहून गेले. पोरगा आदेश, बियाण्या-खताचं दुकान आहे, पोरांत एकटाच, खाली एक बहीण, अंजू, तीही वर्ध्यातच शिकते. पसंत आहे असं वाटते पण अजून तोंडानं बोलले नाई. अशा वेळेस तुहा फोटो लटकून राह्यला तर चालन का?

चंद्रभान फोटोवाल्याच्या दुकानाच्या काचेतला तुहा फोटो आपण मांगून आणला होता ना? तसा हाही मांगून आण. ज्याच्या ताब्यात असंन त्याच्या हातापाया पड, अन् काढून टाक.

जेवत जाजो.

तुही आई
अनुसया


पुणे
२६ नोव्हेंबर २००७

प्रिय आई,

नमस्कार. पत्र पोचलं. एकदाच वाचून लागलं, दोनदा वाचायची गरज पडली नाही.

ऑर्कुट म्हणजे कोणाचं दुकान नाही. फोटो कोणाच्या ताब्यात नाही, माझ्याच आहे. मीच लावला आणि मीच काढू शकते. पण काढणार नाही.

कसा निघाला ते सांगते. रविवारी गच्चीवर केस धुतले होते, ओढणी दोरीवर वाळत होती. खोलीतल्या मैत्रिणीने हाक मारली, मी वळून हसले आणि तिने काढला. पाहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. म्हटलं, ही कोण? इतकी वर्षं मला माझा एकच फोटो माहीत होता, चंद्रभानकाकांच्या काचेतला.

तुला आठवत असेल. बारावी झाली तेव्हा तू मला त्यांच्या स्टुडिओत नेलंस. त्यांनी ब्रश घेऊन फोटोतली माझी मान रंगवली, डाग असा मिटवला की त्यांनाच आपलं काम आवडलं, आणि मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. तू बाजारात जाताना टोपली डोक्यावर घेऊन तिथे थांबायचीस. म्हणायचीस, “पाह्य, कशी दिसून राह्यली माही पोट्टी!” मी तुझ्या बाजूलाच उभी असायचे, आई. भर मे महिन्यात गळ्याला ओढणी गुंडाळून. तू काचेतल्या पोरीकडे पाहायचीस.

काचेतल्या त्याच फोटोवरून तळेगावचे पाहुणे घरी आले होते. माझी ओढणी सरकली आणि ते चहा न घेता उठले. तेव्हा तू जाऊन फोटो मागून आणलास. डाग लपवूनही काय झालं ते तू पाहिलंस ना?

मला या पानावर बायका लिहितात. घाण लिहिणारे पुरुषही आहेत, ते मी पुसून टाकते. पण वाशीमकडची एक बाई आहे, दोन लेकरांची आई. लग्नापासून तिने पूर्ण बाह्यांखेरीज काही घातलं नाही. तिने लिहिलं, ‘ताई, तुमचा फोटो पाहून आज अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज शिवायला टाकलं.’ मी ते वाचून ऑफिसात रडले. तू बावचीचं तेल लावून मला उन्हात बसवायचीस, फोड यायचे, तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

सपनाला सांग, मुलगा चांगला असेल तर माझ्या मानेमुळे नाही म्हणणार नाही.

तुझी
गुंजन


पवनार
९ डिसेंबर २००७

चि. गुंजन,

तुहं पत्र वाचून मी चुलीत टाकलं. सपनाच्या हाती लागाले नको म्हणून. रागानं नाई, पण रागही आला.

बावचीचं तुले आठवते. उन्हात बसवलं ते आठवते. मी तुह्या बाजूले बसत होती ते नाई आठवत? वैद्यानं सांगितलं होतं दुपारचंच ऊन पाह्यजे. वावरातल्या सांभाराच्या जुड्या सोडून मी बसत होती, तुह्यावर सावली पडू नये म्हणून सूर्य सरकला की मीही सरके. माही पाठ भाजली, त्याचा कोणी फोटो नाई काढला.

अन् पोरगा चांगला असंन तर नाई म्हणणार नाई, हे कोणत्या पुस्तकात वाचलं? पोरगा काय एकटाच लग्न करते? माय असते, बाप असते, मावश्या असते. त्या डागाले नाई पाहात, त्या पुढच्या लेकराले पाह्यते. एका पोरीले आहे म्हणजे दुसरीच्या पोटी येईन. एवढं साधं आहे.

डॉक्टर काय म्हणते ते मले सांगू नको. डॉक्टरच्या घरी नाई द्याची आहे सपना.

तर आता हो म्हटलं आहे त्याईनं. २० जानेवारीले साक्षगंध. तुहे बाबा दोन दिवसांपासून गाणं म्हणत पाणी देऊन राह्यले वावराले. मी म्हटलं गाणं मधात थांबवा, पोट्टी अजून त्या घरी पोचली नाई.

पूर्ण काढाचा नसंन तर त्या फोटोवर ओढणी टाक. चंद्रभाननं हातानं केलं, तुहा तर कम्प्युटर आहे, त्यात काय होत नाई?

साक्षगंधाले सुट्टी नको काढू, लग्नालेच काढ.

आई


पवनार
२० डिसेंबर

ताई,

आईले सांगू नको मी लिहिलं म्हणून. ती बाजारात गेली आहे तवा लिहून राह्यली.

तुह्यावर तिचा राग आहे ना, त्याचं कारण ती तुले सांगणार नाई. धुरपताबाई म्हणजे आदेशची आई मले पाहाले आली होती, तवा तिनं विचारलं, मोठीचं लग्न काऊन राह्यलं? आई फटकन म्हणाली, “लहानपणी अंगावर उकळतं दूध सांडलं, मान भाजली, म्हणून जमत नाई.” मी पोह्याच्या प्लेटा घेऊन उभी होती. बाबा खाली पाहात होते. मग मी पोहे वाढले.

आता तुह्या फोटोखाली लिहिलं आहे कोड. अन् अंजू म्हणजे आदेशची बहीण कॅफेत जाते. समजलं ना?

ताई, फोटो काढ असं मी म्हणत नाई. मीच तर कॅफेत सगळ्या मैत्रिणींले दाखवला, ही माही ताई म्हणून. पण मले आदेश आवडला. त्यानं मले विचारलं, दुकानात बसाले आवडन का, हिशेब जमते का. आतापर्यंत कोणी मले काय आवडन असं विचारलं नव्हतं, घरी पण नाई. मी हो म्हटलं. आवाज नाई निघाला नीट, पण म्हटलं.

आईचं आजकाल काही समजत नाई. मले स्वतः आंघोळ घालते, एवढ्या मोठ्या पोरीले! बेसन-हळद लावून पाठ घासते. म्हणे, लग्नाआधी रंग उजळला पाह्यजे. घासता घासता मधातच थांबते. मग म्हणते, खिडकी उघड, उजेड कमी आहे. मी थंडीनं कुडकुडते अन् ती पाहात राह्यते.

तुही
सपना


पुणे
६ जानेवारी २००८

आई,

नमस्कार. उकळतं दूध.

कोणाकडून कळलं ते विचारू नकोस. मला आठवून पाहायचं होतं की आपल्या घरी इतकं दूध होतं कधी, की ते मानेवर सांडावं.

तू डाग लपवलास हे मी समजू शकते. तुला दुसरं काही येत नव्हतं. पण आता तू माझं अख्खं अंगच खोटं केलंस. जे मला झालं नाही ते सांगितलंस आणि जे झालं ते पुसलंस. चंद्रभानकाकांना निदान ब्रश तरी लागला होता.

आणि आता ऐक, रागावण्याआधी ऐक. या पानावर कोण येऊन पाहून गेलं त्याची नावं मला दिसतात. गेल्या आठवड्यात अंजू नावाची मुलगी येऊन गेली. वर्ध्याची. एकदा नाही, परत परत. काही लिहिलं नाही, नुसतं पाहून गेली. तुला कळतंय ना हे कोण?

म्हणून सांगते, साक्षगंधाआधी तू आणि बाबा समुद्रपूरला जा आणि खरं सांगून या. कोड आहे, स्पर्शाने लागत नाही, मी नोकरी करते, कमावते, हसते. सपनाला काही नाही. ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. पण नंतर कळलं तर सपनाला जन्मभर ऐकावं लागेल. तू नाही सांगितलंस तर मी धुरपताबाईंना पत्र लिहीन.

गुंजन


पवनार
१७ फेब्रुवारी २००८

चि. गुंजन,

तू समुद्रपूरले पत्र नाई लिहिलं. मले वाटलं होतं लिहिशीन. साक्षगंधापर्यंत पोस्टमन दिसला की मी त्याले विचारत होती, समुद्रपूरचं काही आहे का. साक्षगंध झालं, साडी चढवली, पेढा खाल्ला, सगळं झालं, अन् मी म्हटलं आता निभलं.

मग परवा धुरपताबाई घरी आली. सोबत अंजू. म्हणे, वर्ध्याले आलो होतो, म्हटलं ताजे वांगे घेऊन जाऊ. मी समजली की हे वांग्याचं येणं नाई. सपना कॉलेजात होती, ते एक बरं झालं.

चहा झाला. मग अंजूनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तुहा फोटो. रंगीत छापून आणला होता.

“विहीणबाई,” धुरपताबाई म्हणते, “हे उकळत्या दुधाचं आहे का?”

मी तुहा तो फोटो पहिल्यांदा पाह्यला तो तिच्या हातात. पूर्ण दात दिसून राह्यले होते तुहे. तसे दात मी तुहे लहानपणी पाह्यले होते, मग नाई. नीट पाहाले भेटला नाई, तिनं कागद आपल्याकडे फिरवला.

मी म्हटलं, “दुधाचंच आहे.”

“मग पोरगी खाली कोड काऊन लिहिते?”

“पुण्याची फॅशन आहे ते,” मी म्हटलं. “तिथल्या पोट्ट्या काहीबी लिहिते. कोणी लिहिते मी जाडी आहे, कोणी लिहिते मी काळी आहे, पाहून घ्या म्हणते. नसलं तेही लिहिते. अंजूले विचारा, तिले माहीत असंन.”

अंजू हसली. धुरपताबाई नाई हसली. तुहे बाबा मधातच म्हणाले, “चहा घ्या ना अजून.” त्याईचं तेवढंच राह्यते.

मग धुरपताबाईनं कागदाची घडी घातली अन् म्हणे, “फॅशन असंन तर काढून टाकाले सांगा. आमच्या गावात दहा लोक पाह्यते, आदेशच्या दुकानात शेतकरी येते, कोण काय बोलन. अन् मोठी लग्नाले येईन ना? येऊ द्या. मी जवळून पाहीन. भाजलेली कातडी मले समजते, माही नणंद भाजली होती.”

वांगे नाई नेले. तशीच गेली.

आता तूच सांग मी काय करू. तू म्हणते खरं सांग. आता खरं सांगितलं तर साक्षगंध मोडते, अन् साक्षगंध मोडलेल्या पोरीले कोण करते? मोडलं काऊन, कोडानं मोडलं, असं सगळ्या जिल्ह्यात होईन. समुद्रपूरचं घर गेलं म्हणजे सगळेच घरं गेले. पोट्टी रात्रंदिवस त्याच्या दुकानातल्या बियाण्याचे नावं पाठ करून राह्यली. तिले कोणत्या तोंडानं सांगू?

तर दोन गोष्टी लिहून राह्यली. एक, फोटो काढ. दोन, लग्नाले येऊ नको.

दुसरं लिहिताना माहा हात थांबन असं मले वाटलं होतं. नाई थांबला. थांबला असता तर बरं झालं असतं.

आई


पुणे
३ मार्च २००८

आई,

काढला. नुसता फोटो नाही, पानच काढलं. म्हटलं, फोटो नसलेलं पान तरी कशाला ठेवायचं?

काढताना मला माहीत नव्हतं की बायकांनी लिहिलेलंही सगळं त्यासोबत जातं. गेलं. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यातला फोटोही तिने कधीच पुसला होता, जागा भरली म्हणून. वाशीमच्या त्या बाईचं ब्लाउज शिवून झालं का तेही आता कळणार नाही. तिने खरं नाव लावलं नव्हतं, पत्ता कुठला असणार? तिला वाटेल मी घाबरले. बरोबरच वाटेल.

धुरपताबाईंना पत्र लिहिलं होतं, तीन पानं. टाकलं नाही. सपनाचं ते दुकानात बसायचं आठवलं आणि मी ते पाकीट फाडलं. बस, इतकंच धैर्य होतं माझं. फोटोतली पोरगी निराळी होती बहुतेक.

लग्नात कोणी विचारलं तर सांग, कंपनीने सुट्टी दिली नाही. हे तुला जमेल.

सपनासाठी साडी पाठवते आहे. हिरवी.

गुंजन


पवनार
४ मे २००८

चि. गुंजन,

लग्न झालं. साडी भेटली, सपनानं सासरी जाताना तीच नेसली. धुरपताबाईनं मांडवात विचारलं, मोठी नाई आली? मी सांगितलं, सुट्टी नाई भेटली. ती म्हणे, कंपनीवाले कठोरच असते. अन् माह्याकडे पाहात राह्यली. मी वाढाले निघून गेली.

तुह्या बाबानं तुह्यासाठी पंगतीतलं पान वाढून ठेवलं होतं, झाकून. कोणी येणार नाई हे माहीत असून. संध्याकाळी गाईले घातलं.

हे लिहाचं नव्हतं मले. दुसरंच लिहाचं आहे. सांगाले दुसरं कोणी नाई म्हणून तुले लिहून राह्यली, पूर्ण वाचजो, मधात सोडू नको.

हळदीच्या दिवशी दुपारी सपनाले पाटावर बसवलं. शेजारच्या मंदाबाईनं गाणं धरलं, बायका आंब्याच्या पानानं हळद लावून राह्यल्या होत्या. पाठीले मीच लावते म्हटलं. हळद लावता लावता डाव्या खांद्याच्या खाली, ब्लाउजच्या काठाले, मले दिसलं. मसुरीच्या डाळीएवढं. आधी वाटलं तिथं हळद नाई लागली म्हणून पांढरं दिसते. लावली. मग वाटलं पीठ लागलं असंन. पदरानं पुसलं. थुंकी लावून पुसलं. नाई गेलं.

मी चार महिने तिले उजेडात न्हाऊ घातलं, गुंजन. रोज पाह्यलं. नव्हतं. अन् मांडव टाकल्यावर, सगळ्या गावाले जेवणाचं आवतन गेल्यावर, पाहुणे येऊन बसल्यावर निघालं. तुहं कसं निघालं होतं मले आठवते. असंच. एवढंच.

मी तिथं हळदीचा हात ठेवला अन् काढलाच नाई. मंदाबाई म्हणे, “अवं अनुसया, दुसऱ्यांलेही लावू दे, किती वेळ तूच लावशीन? पोट्टी तुहीच आहे, कोणी पळवून नाई नेत.” सगळ्या हसल्या. सपनाही हसली, तिची पाठ माह्या हाताखाली हालली. मी अजून हळद घेतली अन् जाड लेप दिला, तुह्या मानेले चंद्रभाननं दिला होता तसा.

कोणालेच नाई सांगितलं. तुह्या बाबाले नाई. सपनालेही नाई. तिले तिची पाठ दिसत नाई. पण आदेशले दिसन. आज नाई तर उद्या, नाई तर दिवाळीले. मसुरीएवढं तेवढंच राह्यत नाई, हे तुह्या अंगावर मी पाह्यलं आहे.

मग धुरपताबाई विचारन. तवा मी काय सांगू? दूध दोन दोन पोरींवर सांडत नाई.

काल तिचा फोन आला. दुकानात बसली म्हणे, कपाशीच्या बियाण्याची पहिली थैली तिनंच दिली गिऱ्हाइकाले. आदेशनं बाजूले खुर्ची टाकून दिली. हसून राह्यली होती. मी म्हटलं, पाठ खाजते का? ती म्हणे, “काऊन खाजन? काहीबी विचारते आई.” मी फोन तुह्या बाबाले देऊन दिला.

बाजारातून येताना चंद्रभानच्या दुकानापुढं थांबली. काचेत दुसऱ्याच कोणाची नवरी आहे. गोरीपान. तिच्या मानेकडे पाहून म्हटलं, हिच्या रंगाखाली काय आहे, बाप्पा?

तर असं आहे. तू तो फोटो परत लाव. तू लिहिलं की सगळं गेलं, मले समजलं, मी अडाणी असली तरी गेलं म्हणजे गेलं हे मले समजते. मग नवा काढ. गच्चीवर जा, केस वर बांध, मान उघडी टाक अन् तसेच दात दाखव. आदेशच्या दुकानात कम्प्युटर घेणार आहे म्हणे दिवाळीनंतर. सपनाले कधीतरी दिसन. तिले माहीत पाह्यजे की तसंही हसता येते. मी सांगितलं तर ती माह्यावर विश्वास नाई ठेवणार, मी तर झाकतच आली.

मलेही पाहाचा आहे. त्या दिवशी धुरपताबाईनं घडी लवकर घातली. वर्ध्याच्या त्या कॅफेत कुठं उभं राहाचं, कोणाले काय म्हणाचं, ते लिहिजो. मी टोपली बाहेर ठेवून जाईन.

अन् ती वाशीमची बाई. तिले नाव नाई, पत्ता नाई, ते सगळं तू लिहिलं आहे. तरी कोणाजवळ तरी विचारून पाह्य. तिचं ते अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज शिवून झालं असंन आता. घातलं असंन तिनं एखाद्या दिवशी. तिच्या नवऱ्यानं काय म्हटलं, तेवढंच मले पाह्यजे.

आई